दामोदर कोसंबी आणि गणिती यंत्रे

संगणकाला साध्या भाषेत काम सांगावे आणि त्याने प्रोग्राम लिहून पुढ्यात ठेवावा, असे दिवस आले आहेत. माझा मावसभाऊ नव्या मुंबईत एका कंपनीत प्रोग्रामर आहे. पूर्वी तो ओळ न् ओळ स्वतः लिहीत असे. आता यंत्राने लिहिलेले वाचतो, तपासतो, दुरुस्त करतो. मग आमच्या मोहोपाड्यात, रसायनीच्या कारखान्यांजवळ वाढलेली मुले विचारतात, यंत्रच सारे लिहिणार तर आपण शिकायचे तरी काय? मी इतिहासाचा विद्यार्थी, त्यातून घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. मला तर हा प्रश्न दुप्पट विचारतात. त्याच विचारात असताना मी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र वाचले.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेलेल्या दामोदरांनी १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. बनारस आणि अलिगढ येथे शिकवून पुढे ते पुण्याच्या फर्गसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

तेथे असतानाच, १९४३ साली, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कशीही वेडीवाकडी, योगायोगाने हलणारी रेषा घ्या. ती मोजक्या मुख्य घटकांच्या बेरजेने मांडता येते आणि किरकोळ घटक गाळले तरी फारसे बिघडत नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे काही वर्षांनी कारहुनेन आणि लोएव्ह यांनी हाच सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला. नाव त्यांचे झाले. आता काही जण कोसंबींचेही जोडतात. यंत्राला माणसाचे चेहरे ओळखायला शिकवण्याचे आरंभीचे काही प्रयोग याच जातीच्या गणितावर उभे होते. आजच्या बोलक्या यंत्रांचे जनकत्व कोसंबींकडे द्यावे असे मी म्हणणार नाही, पण त्या घराण्याचे ते पूर्वज खरेच.

होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत जाऊन त्यांनी इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांचा अभ्यास केला. भारतात तेव्हा असे एकही यंत्र नव्हते. याच संस्थेत पुढे टिफ्रॅक हा संगणक तयार झाला आणि १९६० साली सुरू झाला.

राहायला मात्र ते पुण्यातच. डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. म्हणजे आपल्या कर्जतवरून, याच घाटातून! गणित, संस्कृत आणि इतिहास असे तिन्ही विषय घेऊन हा माणूस या रुळांवरून कितीदा गेला असेल, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

इतिहासाकडे ते नाण्यांमधून वळले. तक्षशिलेच्या प्राचीन नाण्यांचा काळ ठरवायचा होता. नाणे जितके हातोहात फिरते तितके झिजते, म्हणून वजनावरून त्यांचा क्रम लागेल, हा त्यांचा तर्क. त्यासाठी त्यांनी हजारो नाणी स्वतः तोलली. झीज कशी होते हे पाहण्यासाठी चालू नाणीसुद्धा तराजूत घातली! सूत्र तयार होते, तरी तोलण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील प्रसिद्ध ग्रंथ आला.

पण हेच कोसंबी एका ठिकाणी घसरले, आणि मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ संख्यांविषयीचे रीमानचे गृहीतक गणितातले अत्यंत अवघड कोडे. १९५९ साली त्यांनी ते संभाव्यतेच्या मार्गाने सोडवल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मानला नाही. बहुधा खरे असणे आणि सिद्ध होणे यांत जे अंतर आहे, ते त्यांच्यासारख्यालाही ओलांडता आले नाही. आजचे यंत्र प्रोग्राम लिहिते तेही पुढचा शब्द बहुधा कोणता, याच हिशेबाने. तो चालेल की नाही हे माझा भाऊ रात्री जागून पाहतो.

या वादाचीही भर पडून १९६२ साली कोसंबींची संस्थेतील नोकरी संपली. त्यांनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी आणि ग्रामदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि त्यावर लिहिले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८ होते.