डाव ओळखणारी वऱ्हाडची लेक

दिवाळीत, पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडे गल्लोगल्ली तीन पत्तीचे डाव रंगतात. बाया स्वयंपाकघरात असतात, पण कान मात्र ओसरीकडे. पानं वाईट आलीत हे खेळणाऱ्याला कळत असतं, तरी तो चाल देतो. का? तर आधी टाकलेले पाचशे वाया जातील म्हणून! खरं तर मधे पडलेला पैसा आता त्याचा राहिलेलाच नसतो. विचार करायचा तो फक्त पुढच्या शंभराचा. टाकायचे, की ‘पॅक’ म्हणून पानं खाली ठेवायची?

मैत्रिणींनो, हा प्रश्न फार जुना आहे. आणि ज्या बाईच्या संसाराची त्यानं पार दशा केली, ती आपल्याच भागातली माहेरवाशीण. तिचं नाव दमयंती.

दमयंती विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. तिचं माहेर कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडण्यपूर हेच ते गाव, असं आपल्याकडे मानतात. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथे जातो, पण दमयंतीची आठवण क्वचितच निघते. तिचं आयुष्य महाभारताच्या वनपर्वात आलं आहे. स्वयंवरात देवांनी नळाचं रूप घेतलं, तरी तिनं खरा नळ ओळखला आणि निषध देशाच्या या राजाला माळ घातली, एवढं बहुतेकींना ठाऊक असतं. खरी कथा त्यानंतरची आहे.

बारा वर्षं सुखाची गेली. इंद्रसेन आणि इंद्रसेना ही दोन लेकरं झाली. मग नळाच्या अंगात कली शिरला आणि भाऊ पुष्कर यानं त्याला द्यूताला बसवलं. डाव एक-दोन दिवस नाही, महिनोन् महिने चालला. नळ सोनं हरला, रथ हरला, तरी उठेना. दमयंतीनं विनवलं, मंत्र्यांना दाराशी आणून उभं केलं. तो तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता.

इथे ही बाई वेगळी ठरते. ती रडत बसली नाही. फासे प्रत्येक वेळी पुष्कराच्याच बाजूनं पडताहेत, हे तिनं हेरलं. गेलेलं परत येणार नाही, मग उरलंय काय? लेकरं. तिनं विश्वासू दाईला पाठवून वार्ष्णेय सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलांना रथात बसवून माहेरी कुंडिनपुरी धाडलं. नवरा डाव सोडत नव्हता, पण तिनं आपल्या हातातलं तेवढं वाचवलं.

शेवटी राज्य गेलं. आता दमयंतीला पणाला लाव, असं पुष्करानं सुचवलं तेव्हा मात्र नळ उठला. अंगावरचे दागिने उतरवून एका वस्त्रानिशी बाहेर पडला. दमयंती त्याच्यासोबत निघाली. तो तिला विदर्भाची वाट दाखवत राहिला, पण एकटी माहेरी जायला ती तयार नव्हती. एका रात्री ती झोपलेली असताना नळानं तिचं अर्धं वस्त्र फाडून घेतलं आणि तो निघून गेला.

मग अजगर, व्याध, रानहत्तींनी तुडवलेला व्यापाऱ्यांचा तांडा, असं सगळं सोसत ती चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहिली. भुवयांमधल्या तिळावरून एका ब्राह्मणानं तिला ओळखलं आणि ती माहेरी आली.

आता डाव तिचा होता. अयोध्येत ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा कुरूप सारथी आहे, अशी बातमी तिला मिळाली. तिला संशय आला. वडिलांना न कळवता, फक्त आईला सांगून तिनं अयोध्येला निरोप धाडला, की उद्याच दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. तिनं पणाला लावली ती स्वतःची अब्रू. पण हे आंधळं खेळणं नव्हतं. अयोध्येहून एका दिवसात विदर्भ गाठेल असे घोडे हाकणारा जगात एकच माणूस होता, हा तिचा पक्का हिशोब होता.

रथ निघाला. वाटेत एक बेहड्याचं झाड लागलं. आपण त्रिफळा चूर्णात घालतो तोच बेहडा, मेळघाटात होतो. जुन्या काळी त्याच्या बियांचेच फासे करत. ऋतुपर्णानं नुसतं बघून झाडाच्या पानाफळांचा आकडा सांगितला. नळानं रथ थांबवून मोजलं, तर तो बरोबर! त्यानं ती अक्षविद्या मागून घेतली, बदल्यात अश्वविद्या दिली. त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून निघाला. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी 1654 साली पत्रांतून जुगाराचं गणित मांडलं. आपल्याकडे फाशांचा संबंध मोजणीशी आहे, हे त्याच्या कितीतरी आधी गोष्टीत सांगून ठेवलं होतं. नशिबाचा खेळही मोजता येतो, आणि मोजता आलं की अंगातलं भूत उतरतं.

दमयंतीनं बाहुकाच्या हातचं अन्न चाखलं, मुलांना त्याच्यासमोर पाठवलं, आणि खात्री झाल्यावरच त्याला आपलं मानलं. महिनाभरानं नळ निषधाला गेला, पुष्कराशी पुन्हा बसला आणि एकाच डावात राज्य जिंकला. भावाला त्यानं माफही केलं.

इथे गोष्ट गोड होते. पण त्या शेवटच्या डावात नळानं पणाला काय लावलं होतं? मिळवलेलं धन, आणि दमयंती. पहिल्यांदा ज्या गोष्टीला नकार देऊन तो उठला होता, तीच त्यानं विद्या आल्यावर केली. ती तेव्हा कुंडिनपुरात माहेरी होती. तिला कुणी विचारल्याचं वनपर्वात कुठेही नाही.

आज ओसरीवरचा डाव मोबाइलवर गेला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा 2025 साली संसदेनं केला. पण घर, मंगळसूत्र, मुलांच्या फीचे पैसे कुणाच्या भरवशावर पणाला लागताहेत, याची मोजदाद कायदा करून देत नाही. ती आपली आपणच ठेवायची. नवरा हरत असताना तर ठेवायचीच, पण तो आता मी शिकलोय म्हणेल तेव्हाही.