बडतर्फीने घडवलेला लोकनेता : सुरेंद्रनाथ बॅनर्जी

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अकरावे अधिवेशन डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात भरले. त्याच्या अध्यक्षस्थानी असलेले कोलकात्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे त्या काळातील देशातील अग्रगण्य वक्ते, संपादक आणि शिक्षक होते. मात्र एकवीस वर्षांपूर्वी याच गृहस्थाला सरकारी सेवेतून बडतर्फ करण्यात आले होते. चाकरीचे सर्व दरवाजे बंद झाल्यावर स्वतःच्या बळावर नवा मार्ग आखणाऱ्या या नेत्याचे चरित्र आजही उद्बोधक ठरते.

सुरेंद्रनाथांचा जन्म १० नोव्हेंबर १८४८ रोजी कोलकात्यात झाला. वडील दुर्गाचरण हे डॉक्टर होते. कोलकाता विद्यापीठाची पदवी घेऊन सुरेंद्रनाथ १८६८ मध्ये रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त या मित्रांसह इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. १८६९ मध्ये ते उत्तीर्ण झाले. परंतु वयाची मर्यादा ओलांडल्याचे कारण देऊन त्यांचे आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचे नाव यादीतून वगळण्यात आले. चालू वर्ष धरून वय सांगण्याची भारतीय रीत परीक्षा मंडळाने विचारात घेतली नव्हती. सुरेंद्रनाथांनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली आणि दोघांनाही पुन्हा यादीत स्थान मिळाले.

१८७१ मध्ये सिल्हेट येथे सहायक मॅजिस्ट्रेट म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा भाग आता बांगलादेशात आहे. तेथे एका फौजदारी खटल्यातील आरोपी फरार नसतानाही त्याचे नाव फरारी आरोपींच्या यादीत नोंदले गेले. या चुकीबद्दल चौकशी आयोग नेमण्यात आला आणि खोटी नोंद केल्याचा ठपका ठेवून १८७४ मध्ये सुरेंद्रनाथांना सेवेतून काढून टाकण्यात आले. युरोपीय अधिकाऱ्याकडून असे घडले असते तर समज देऊन प्रकरण मिटले असते, अशी भावना बंगालच्या सुशिक्षित समाजात होती.

सुरेंद्रनाथ अपिलासाठी पुन्हा इंग्लंडला गेले. अपील फेटाळले गेले. बॅरिस्टर होण्याचा मार्गही खुंटला, कारण सेवेतून बडतर्फ झालेल्या व्यक्तीला सनद देण्यास मिडल टेंपल या संस्थेने नकार दिला. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या तरुणापुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. तथापि, इंग्लंडमधील ते वर्ष त्यांनी वाया जाऊ दिले नाही. बर्क, मॅझिनी आदींच्या ग्रंथांचे त्यांनी दिवसदिवसभर वाचन केले. पुढील आयुष्यातील व्याख्याने आणि लेखन यांची शिदोरी याच काळात जमा झाली.

१८७५ मध्ये ते कोलकात्यास परतले. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना इंग्रजीचे प्राध्यापक नेमले. वेतन दरमहा २०० रुपये होते. सरकारने नाकारलेला माणूस स्वीकारण्याचे धैर्य विद्यासागरांनी दाखवले आणि तेथूनच सुरेंद्रनाथांच्या जीवनाला नवे वळण मिळाले. पुढे सिटी कॉलेज आणि फ्री चर्च कॉलेजातही त्यांनी अध्यापन केले. विद्यार्थ्यांपुढील त्यांच्या व्याख्यानांना मोठी गर्दी होऊ लागली.

मात्र केवळ दुसऱ्याच्या संस्थेतील नोकरीवर ते विसंबून राहिले नाहीत. २६ जुलै १८७६ रोजी आनंदमोहन बोस यांच्या सहकार्याने त्यांनी इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या पुत्राचे निधन झाले होते, तरीही ते सायंकाळच्या सभेला उपस्थित राहिले. सिव्हिल सर्व्हिस परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली, तेव्हा तिच्याविरुद्ध लोकमत जागे करण्यासाठी त्यांनी उत्तर भारताचा आणि नंतर मुंबई व मद्रास इलाख्यांचा दौरा केला. ज्या सेवेने त्यांना बाहेर काढले, तिचे दार इतर भारतीयांसाठी खुले राहावे म्हणून ते झटले.

१८७९ मध्ये 'बेंगॉली' हे इंग्रजी पत्र त्यांनी आपल्या हाती घेतले. १८८२ मध्ये एक शाळाही ताब्यात घेऊन ती वाढवली आणि तिचेच पुढे रिपन कॉलेज झाले. आता उपजीविका आणि व्यासपीठ ही दोन्ही त्यांच्या स्वतःच्या हाती आली. याची कसोटी लवकरच लागली. कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नॉरिस यांनी शाळिग्राम न्यायालयात आणण्याचा आदेश दिल्यावर 'बेंगॉली'ने त्यांच्यावर कडक टीका केली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल मे १८८३ मध्ये सुरेंद्रनाथांना दोन महिन्यांचा कारावास झाला. सरकारी नोकराचे आयुष्य अशा शिक्षेने संपले असते. सुरेंद्रनाथ मात्र तुरुंगातून अधिक लोकप्रिय होऊन बाहेर पडले.

पुण्यानंतर १९०२ च्या अहमदाबाद अधिवेशनाचेही ते अध्यक्ष झाले. १९०५ च्या बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात ते आघाडीवर होते. पुढे काँग्रेसशी मतभेद झाल्याने १९१८ मध्ये ते नेमस्त गटासह बाहेर पडले. १९२१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि ते बंगाल सरकारात स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १९२३ च्या कायद्याने कोलकाता महानगरपालिकेचा कारभार मोठ्या प्रमाणात लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती आला. त्यांच्या या सत्ताग्रहणावर अनेकांनी टीका केली. १९२३ च्या निवडणुकीत डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला.

६ ऑगस्ट १९२५ रोजी बराकपूर येथे त्यांचे निधन झाले. सरकारने दिलेली नोकरी सरकारनेच काढून घेतली आणि मंत्रिपदही मतदारांबरोबर गेले. त्यांनी स्वतः उभे केलेले रिपन कॉलेज मात्र आज सुरेंद्रनाथ कॉलेज या नावाने कोलकात्यात विद्यार्थी घडवत आहे.