गिटार न वाजवणाऱ्या माणसाची गिटार : लिओ फेंडर

फोनवर गिटारचा इमोजी शोधून बघा. बहुतेक फोनांवर तुम्हाला इलेक्ट्रिक गिटार दिसेल. मधे पोकळ भोक नाही, वर दोन शिंगांसारखे आकार आणि पोटावर दोन-तीन बटणं. हे रूप जगाच्या डोक्यात पक्कं बसवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव म्हणजे लिओ फेंडर. गंमत म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. शिकायचा त्याने कधी फारसा प्रयत्नही केला नाही. तो रेडिओ दुरुस्त करायचा.

मी घरी, गॅलरीत, सुताराकडून आणलेल्या फळीतून एक इलेक्ट्रिक गिटार बनवली आहे. ती लिओच्याच डिझाइनवर आहे. बनवताना एक प्रश्न सारखा पडायचा : सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी कारखान्यात तयार झालेली वस्तू आज कुणीही घरच्या घरी, साध्या हत्यारांनी कशी काय बनवू शकतो? उत्तर लिओच्या आयुष्यात सापडलं, म्हणून आज त्याची गोष्ट.

संत्र्यांचा मळा आणि एक खोका

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन आणि अनाहाइम या गावांच्या मधे त्याच्या आई-वडिलांचा संत्र्यांचा मळा होता. आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला.

त्याच्या मामा-काकांपैकी एकाचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. लिओ तेरा-चौदा वर्षांचा असताना तिथून त्याला एक खोका आला : टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी. पुढे दुकानात गेल्यावर त्याने सुट्या भागांतून जोडलेला रेडिओ मोठ्याने वाजताना ऐकला. त्यानंतर पोरगा रेडिओचाच झाला. शाळेत असतानाच घरी दुरुस्तीची कामं घ्यायला लागला.

कॉलेजात मात्र त्याने हिशेब शिकला. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण त्याने घेतलं नाही. बर्फाच्या कंपनीत काम केलं, मग महामार्ग खात्यात हिशेबनीस झाला. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. महामंदीचा काळ होता, त्यात आधी ती नोकरी गेली, मग टायर कंपनीतली दुसरीही गेली. १९३८ मध्ये त्याने सहाशे डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परतला आणि ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचं दुकान टाकलं.

दुरुस्तीवाल्याची नजर

दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेअर यायचे आणि वादकांचे बिघडलेले अँप्लिफायर यायचे. रोज दहा वस्तू उघडणाऱ्या माणसाला जे कळतं ते शोरूममध्ये बसणाऱ्याला कळत नाही. कुठला जोड आधी सैल होतो, कुठली वायर घाम आणि धक्क्यांनी तुटते, कुठला स्क्रू मुद्दाम अवघड जागी दडवलाय. आपल्याकडचा मोबाईल रिपेअरवाला फोन हातात घेताच मॉडेलची खोड सांगतो ना, तसंच.

दुसऱ्या महायुद्धात डोळ्यामुळे त्याला सैन्यात जावं लागलं नाही. दुकान सुरू राहिलं. तिथे त्याची डॉक कॉफमन या वादकाशी जोडी जमली. डॉक लॅप स्टील वाजवायचा आणि वाद्यं बनवायचा. लॅप स्टील म्हणजे आडवी ठेवून वाजवायची, आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो ती.

१९४३ मध्ये दोघांनी एक ओबडधोबड, भरीव लाकडाची गिटार केली. हेतू फक्त नवा पिकअप तपासण्याचा होता. पण ती आसपासच्या वादकांनी भाड्याने न्यायला सुरुवात केली आणि तिच्यासाठी नंबर लागू लागले. लिओला इशारा मिळाला : लोकांना भरीव गिटार हवी आहे.

पिकअप ऐकत नाही

इथे थोडं विज्ञान. पिकअप म्हणजे माईक नव्हे. तो हवेतला आवाज पकडत नाही. त्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादाची तार असते. चुंबकामुळे ती तारही चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. पाचवी तार सेकंदाला ११० वेळा थरथरली, तर वीजही तितक्याच वेळा पुढे-मागे होते. अँप्लिफायर ती वाढवतो, स्पीकर ती परत हवेत सोडतो. म्हणून नायलॉनच्या तारांवर असा पिकअप मुका राहतो. फोनचं वायरलेस चार्जिंग याच तत्त्वाच्या घरातलं.

मग लाकूड भरीव कशाला? पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज तिच्या पातळ पोटाला हलवतो, पोट तारांना हलवतं, पिकअप ते पुन्हा पकडतो आणि सुरू होते कान फाडणारी शिट्टी. लग्नाच्या हॉलमध्ये माईक स्पीकरसमोर नेला की होते तशीच. भरीव फळी तेवढी हलत नाही. शिट्टी कमी आणि तारेचा सूर जास्त वेळ टिकतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो : इलेक्ट्रिक गिटारचा शोध लिओने लावला नाही. जॉर्ज बोशाँची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ मध्येच विक्रीला आली होती. लेस पॉलने चौकोनी ओंडक्यावर प्रयोग केला होता, पॉल बिग्सबीने १९४८ मध्ये मर्ल ट्रॅव्हिससाठी भरीव गिटार घडवली होती. लिओने केलं ते वेगळं. त्याने ती सुट्या भागांत मोडली.

चार स्क्रूंचा प्रताप

१९४६ मध्ये डॉक बाजूला झाला आणि लिओने फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी सुरू केली. १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटार आल्या. जुन्या कारागिरांना ती फळीच वाटली असणार. चांगल्या गिटारची मान तोपर्यंत सांध्यात घट्ट चिकटवलेली असायची, पोट कोरून गोलावा दिलेला असायचा. लिओने सपाट फळी घेतली, मान वेगळी केली आणि चार स्क्रूंनी जोडली. मानेवर वेगळी पट्टीही चिकटवली नाही, पडदे थेट मेपलच्या लाकडात ठोकले. पडदे झिजले? मान काढा, दुसरी लावा. बटणं आणि वायरिंग एका धातूच्या पट्टीवर. दोन स्क्रू काढले की सगळं पोटातून बाहेर.

नावाची भानगडही झाली. ग्रेच कंपनीच्या ड्रमना मिळतंजुळतं नाव आधीच होतं. त्यांचा निरोप आला, तेव्हा छापून ठेवलेले स्टिकर टाकून न देता त्यातला ब्रॉडकास्टर शब्द कातरून टाकला आणि काही काळ गिटार बिननावाच्याच विकल्या. १९५१ मध्ये विक्री सांभाळणाऱ्या डॉन रँडलने नवं नाव दिलं : टेलिकास्टर. तेव्हा टेलिव्हिजन ही नवलाई होती. आज त्या बिननावाच्या गिटारना संग्राहक ‘नोकास्टर’ म्हणतात आणि प्रचंड पैसे मोजतात.

लिओचं सगळंच बरोबर नव्हतं. मेपल इतकं कडक आहे की मानेत लोखंडी सळईची गरज नाही, असं त्याला वाटायचं. पण सहा तारा मिळून मानेला साधारण ४५ किलोच्या जोराने ओढत असतात, तेही वर्षानुवर्षं. रँडलने हट्ट धरला आणि १९५० संपता संपता सळई आली. मान एकाच लाकडाची, मग सळई घालायची कुठून? मागून खाच पाडून. ती बुजवायला अक्रोडाची पट्टी लावली. आजही अनेक फेंडरच्या मानेमागे तो गडद पट्टा दिसतो. लोकांना तो नक्षी वाटतो. खरं तर तो हरलेल्या वादाची खूण आहे.

१९५१ मध्येच प्रिसिजन बास आला. उभ्या, माणसाएवढ्या बासवर सूर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागायचा. पडदे लावल्यावर सूर नेमका लागू लागला, म्हणून नाव प्रिसिजन. १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती, म्हणून इथे पोटाला आणि हाताला उतार दिला. लिओची पद्धत हीच : वस्तू बनवायची, वाजवणाऱ्याच्या हातात द्यायची, तो काय कुरकुर करतो ते ऐकायचं, परत बाकावर बसायचं. स्वतः वाजवता येत नसल्यामुळे त्याला दुसऱ्याचं ऐकावंच लागायचं. मला वाटतं, तीच त्याची ताकद ठरली.

विकलं, पण थांबला नाही

पन्नाशीच्या दशकात लिओला सायनसचा चिवट जंतुसंसर्ग झाला. वर्षानुवर्षं बरं वाटेना. आपण फार जगणार नाही असं धरून त्याने जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा मोठा डोस दिला आणि आजार गेला! पण कंपनी गेलेली होती आणि कंपनीसोबत स्वतःचं नावही.

दुसरा कुणी निवांत बसला असता. लिओ म्युझिक मॅनमध्ये गेला. तिथे १९७६ मध्ये स्टिंगरे हा बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचा बास निघाला. १९७९ मध्ये एस्थर वारली. त्याच सुमारास जुना साथीदार जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने जी अँड एल उभी केली. जॉर्ज आणि लिओ यांची फक्त आद्याक्षरं, कारण फेंडर हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचं होतं. पार्किन्सनने हात थरथरू लागले तरी तो कामावर जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला. त्याची कामाची खोली तिथे पुढे अनेक वर्षं तशीच जपून ठेवली होती.

घरी बनवायची असेल तर

लिओची खरी वारसदार ही सोपी रचना आहे. माझ्या गॅलरीत मला हेच अनुभवायला आलं. फळी सुमारे ४५ मिलिमीटर जाडीची. आकार करवतीने, पोकळ्या राऊटरने. राऊटर नसेल तर ड्रिल आणि पटाशीनेही जमतं, वेळ लागतो एवढंच. मास्क मात्र लावाच, लाकडाची धूळ वाईट. मान पहिल्यांदा विकत घ्या. पडद्यांमधलं अंतर चुकलं तर सूर कधीच लागत नाही.

ते अंतर कसं काढतात? तारेची वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागा, ३६.४ येतात. पहिला पडदा तिथे. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागा, दुसरा मिळेल. असं बारा वेळा केलं की बरोबर निम्म्यावर, ३२४ वर पोहोचता आणि सूर एक सप्तक वर जातो. ब्रिज बसवताना हेच माप धरायचं : मानेच्या वरच्या खाचेपासून बारावा पडदा जितका दूर, तितकाच पुढे ब्रिज.

वायरिंगमध्ये दोन २५० किलो-ओहमचे पॉट, एक छोटा कपॅसिटर, एक स्विच आणि एक जॅक. कपॅसिटर तीक्ष्ण आवाज जमिनीकडे वळवतो, तोच टोन कंट्रोल. पिकअपची वीज नगण्य असते, झटका बसत नाही. अँप्लिफायर मात्र उघडू नका, आत घातक व्होल्टेज असू शकतं. जोडणी झाल्यावर घूं असा आवाज आला तर घाबरू नका. एकाच कॉइलचे पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतातच. लिओच्याही पकडायचे.

आता खिशातला फोन काढा. त्याचा एखादा भाग बदलायचा म्हटलं तर गोंद वितळवावा लागतो, खास हत्यार लागतं आणि बऱ्याचदा नवाच फोन घ्या असं ऐकावं लागतं. हे तंत्रज्ञानाने आणलेलं नशीब नाही, बनवणाऱ्याने केलेली निवड आहे. लिओने उलटी निवड केली. मोडणार हे गृहीत धरून त्याने वस्तू बनवली, म्हणून पन्नासच्या दशकातल्या त्याच्या गिटार आजही मंचावर वाजतात. पुढच्या वेळी काही विकत घेताना फीचर्सच्या यादीआधी एवढं बघा : याचे स्क्रू दिसतात का?