पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर

आमच्या ज्ञातीत आजही असे घर विरळा, की ज्याच्या मागील दोन-चार पिढ्यांत कोणी पलटणीत गेला नाही. भिंतीवरच्या तसबिरीतील त्या पूर्वजांकडे पाहताना ज्यांचे स्मरण प्रथम व्हावे, ते गोपाळबाबा वलंगकर होत. लढवय्ये म्हणून नव्हे, तर लष्करी नोकरी संपल्यावर ज्यांची खरी लढाई सुरू झाली असे पुरुष म्हणून आम्ही त्यांचे हे अल्प चरित्र समाजबंधूंपुढे ठेवीत आहोत.

गोपाळबाबांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाच्या अखेरीस महाडजवळच्या एका खेड्यात झाला. त्या काळी कोकणातील महाराच्या वाट्यास वतनाचा जमिनीचा तुकडा, गावकीची राबणूक आणि शिळ्या भाकरीचे बलुते एवढेच येई. या जिण्यातून सुटण्याचा एकच राजमार्ग होता, तो म्हणजे मुंबई इलाख्याचे सैन्य. तेथे नियमित पगार मिळे, अंगावर स्वच्छ गणवेश येई आणि मुख्य म्हणजे अक्षरओळख होई. छावणीतील शाळेत शिपायांची मुले शिकत. गावात ज्याची सावली नको, तोच तेथे पहाऱ्यावर उभा राही. 1818 सालच्या लढाईचे स्मारक म्हणून कोरेगावी उभारलेल्या स्तंभावर 22 महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. अशा परंपरेत गोपाळबाबा वाढले, हवालदारपदास पोहोचले आणि 1886 साली निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले.

दापोली हे त्या वेळी पेन्शनर शिपायांचे गाव होते. चार पैसे पेन्शन घ्यावे, परसातली झाडे राखावी आणि जुन्या मोहिमांच्या गोष्टी सांगाव्या, असा तेथील क्रम. गोपाळबाबांना हे स्वास्थ्य मानवले नाही. जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. त्यांनी अनार्य दोष परिहार मंडळी स्थापन केली. दीनबंधु पत्रातून ते लिहू लागले. 1888 साली त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका काढली. अस्पृश्यतेस शास्त्राचा आधार कोणता, असे विचारणारी 26 प्रश्नांची ही मालिका त्यांनी थेट धर्माधिकाऱ्यांपुढेच मांडली. वर्तमानपत्र हाती धरणेही ज्यांच्या नशिबी क्वचित येई, त्या समाजातील एका पेन्शनराने हे धाडस करावे, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु घाला दुसरीकडूनच आला. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी पुढे आणला आणि 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्या दाराने आमची मुले शाळेत शिरत होती, ते दारच बंद झाले. पोटाचा प्रश्न तर होताच; पण त्याहून मोठा प्रश्न पुढील पिढीच्या विद्येचा होता. 1894 साली गोपाळबाबांनी सरकारला उद्देशून अर्ज तयार केला. आपली जात मूळची क्षत्रियांची असून जुन्या दुष्काळात निषिद्ध अन्न खाल्ल्यामुळे ती खाली ढकलली गेली, असे त्यात प्रतिपादन होते. भरती सुरू झाली नाही.

या अर्जाविषयी आम्ही मोकळेपणाने लिहितो. हक्क मागण्यासाठी उच्च कुळाचा दाखला द्यावा लागावा, हे आज आम्हांस पटत नाही. माणूस एवढाच दाखला पुरेसा आहे, ही शिकवण आम्हांस पुढे बाबासाहेबांनी दिली. तथापि ज्या सरकारला केवळ वंशाची भाषा कळत होती, त्या सरकारशी गोपाळबाबा त्याच भाषेत बोलले, हे ध्यानी घेऊनच त्यांस न्याय दिला पाहिजे.

1895 साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. अस्पृश्याशेजारी बसावे लागेल म्हणून वरिष्ठ वर्गाच्या सभासदांत मोठा गहजब उडाला. ज्या मुलखात जन्मास आलो तेथेच हा अपमान त्यांनी सोसला. 1900 साली त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातीत त्यांस यश आले, असे म्हणता येत नाही. पण मागणी मेली नाही. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा विलायतेपर्यंत नेली. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, भरती सुरू झाली. युद्ध संपताच पलटण मोडली. अखेर 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. आणि ज्या महाडच्या बोर्डात एका वृद्ध हवालदाराचे शेजारीपण नको झाले होते, त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी हजारो लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले.

आमच्या घरोघरी आज पेन्शनर आहेत; कोणी फौजेतील, कोणी रेल्वेतील, कोणी शाळेतील. निवृत्तीनंतरची वर्षे ही विश्रांतीची खरी. परंतु त्यांतील रोजचा एक तास ज्ञातीतील एखाद्या मुलास शिकविण्यात, एखाद्या विधवेचा अर्ज लिहून देण्यात गेला, तर गोपाळबाबांचे ऋण थोडे तरी फिटेल, अशी आमची नम्र सूचना आहे.