विश्लेषण : लॅन केबलमधील तारांना पीळ का असतो? ग्रॅहम बेल यांचे १८८१ चे पेटंट आजही कारखान्यात कसे उपयोगी पडते?

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यातील नेटवर्कची केबल सोलून पाहिली, तर आत आठ बारीक तारा दिसतात. दोन-दोनच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला पीळ. हिंजवडीतील आयटी कंपनीची केबलही तशीच असते. १९५८ पासून पुण्यात केबल बनवणाऱ्या फिनोलेक्सच्या लॅन केबलमध्येही हाच पीळ असतो. त्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे. टेलिफोनच्या शोधाची गोष्ट शाळेत सगळेच वाचतात, पिळाची फारशी कुणी सांगत नाही.

बेल कोण होते?

त्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक, तर आईला फार कमी ऐकू येई. दोन भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंबाने कॅनडा गाठले. पुढच्या वर्षी बेल अमेरिकेत बोस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या मेबल हबर्ड यांच्याशी १८७७ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्याआधी, १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला होता. त्याच दिवशी एलिशा ग्रे यांनीही तसाच दावा नोंदवला. ७ मार्चला पेटंट बेल यांना मिळाले, पण कोर्टकचेऱ्या पुढे अनेक वर्षे चालल्या.

मग अडचण कुठे आली?

सुरुवातीला टेलिफोनसाठी एकच तार टाकत आणि परतीच्या तारेचे काम जमीन करी. ही स्वस्त पद्धत तारायंत्राकडून उचललेली. तारायंत्राचे त्यात भागले, टेलिफोनचे भागेना. शेजारच्या तारायंत्राची कटकट रिसीव्हरमध्ये येई. शेजारच्या लाइनवरचे बोलणेही ऐकू येई, म्हणजे खासगी असे काही उरत नसे.

बेल यांनी जायला एक आणि परतायला एक अशा दोन तारा घेतल्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ दिला. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच बसतो. पलीकडचे यंत्र दोन्ही तारांतला फक्त फरक पाहते, त्यामुळे सारखा असलेला गोंगाट वजा होऊन जातो. १९ जुलै १८८१ रोजी हे पेटंट मिळाले. पुढच्या जानेवारीत मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. दुप्पट तारेचा खर्च मात्र कंपन्यांना नको होता. रस्त्यावर विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि लाइनवर सतत घरघर येऊ लागली, तेव्हा कुठे त्या वळल्या.

आज काय निवडावे?

त्या ट्रामची जागा कारखान्यात मोटारींचे व्हीएफडी ड्राइव्ह आणि वेल्डिंग मशीन यांनी घेतली आहे. तिथे पिळाच्या जोडीला धातूचे आवरण असलेली शील्डेड केबल हवी. ती पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नये. आवरणाला नीट अर्थिंग द्यावे, नाहीतर तेच अँटेनासारखे वागू शकते. साध्या ऑफिसला विनाआवरणाची कॅट ६ बहुधा पुरते. महागडी शील्डेड केबल घेऊन अर्थिंग विसरण्यापेक्षा ती बरी.

चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, नाहीतर एका जोडीतला सिग्नल दुसरीत शिरतो. म्हणून कनेक्टर बसवताना टोकाचा पीळ साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नसतो. घाईतले काम इथेच बिघडते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती नेटवर्क केबलच्या मानकात बसत नाही आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज दिली तर जास्त तापते. पीळ गोंगाट अडवतो, माणसाला नाही. रॅकला कुलूप आणि न वापरलेले पोर्ट बंद, एवढे तरी करावेच लागते.

फायबरचा बेल यांच्याशी काय संबंध?

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. दोन शेडमधले अंतर त्याहून कमी असले, तरी मध्ये फायबर टाकणे शहाणपणाचे, कारण काचेतून ना विजेचा गोंगाट शिरतो, ना वळवाच्या पावसातला कडकडाट एका शेडमधून दुसऱ्या शेडमधल्या स्विचपर्यंत पोहोचतो. प्रकाशातून आवाज पाठवण्याचा प्रयोग बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स टेंटर यांनी १८८० मध्येच केला होता. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या फोटोफोनने सूर्यप्रकाशाच्या झोतावरून २१३ मीटरवर बोलणे पोहोचवले. बेल यांना हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटे. ढग आले की मात्र तो मुका होई. झोत सांभाळून नेणारी काच तेव्हा नव्हती.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे बेल यांचे निधन झाले. दोन दिवसांनी त्यांच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. काचेच्या तंतूंतून टेलिफोनची संभाषणे जाऊ लागायला त्यानंतर आणखी ५५ वर्षे लागली.