वर्गात अडलेला प्रश्न

विश्वातील कणांचे भौतिकशास्त्राने दोन मोठे गट केले आहेत. त्यांपैकी एका गटाचे नाव ‘बोसॉन’. प्रकाशाचा कण फोटॉन याच गटात येतो. या गटाला ज्यांचे नाव मिळाले, ते सत्येंद्रनाथ बोस त्या वेळी कोणत्याही नामांकित प्रयोगशाळेत काम करत नव्हते. नुकत्याच सुरू झालेल्या ढाका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ते शिकवत होते.

बोस यांचा जन्म कोलकात्यात १ जानेवारी १८९४ रोजी झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रे यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले, तर मेघनाद साहा वर्गमित्र होते. १९१५ मध्ये मिश्र गणितात ते एमएस्सीला पहिले आले. पुढे कोलकाता विद्यापीठात शिकवताना नव्या भौतिकशास्त्राची पुस्तके मिळत नसत, आणि जी मिळत त्यांतली बरीचशी जर्मन भाषेत असत. तेव्हा बोस आणि साहा यांनी सापेक्षतेवरील मूळ जर्मन लेखांचा इंग्रजी अनुवादच केला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

१९२१ मध्ये बोस ढाक्याला प्रपाठक म्हणून रुजू झाले. विभाग नवा होता आणि साधने तुटपुंजी होती. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवताना एक गोष्ट त्यांना सतत खटकत होती. लोखंड तापवले की ते आधी लाल होते, मग पिवळसर आणि पुढे पांढरट दिसू लागते. तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती प्रमाणात बाहेर पडतो, याचे सूत्र मॅक्स प्लांक यांनी १९०० मध्येच दिले होते. सूत्र अचूक होते, पण ते सिद्ध करण्याच्या पद्धतीत प्रकाशाला एका पायरीवर जुन्या सिद्धांताप्रमाणे लहर मानावे लागे आणि दुसऱ्या पायरीवर ऊर्जेचे पुंजके धरावे लागत. ही विसंगती विद्यार्थ्यांपुढे तशीच रेटून नेणे बोस यांना पटेना. १९२४ मध्ये साहा ढाक्याला त्यांच्याकडे उतरले, तेव्हाही दोघांची याच विषयावर चर्चा झाली.

बोस यांनी सापडवलेले उत्तर मोजण्याच्या रीतीत होते. दोन नाणी उडवली तर चार शक्यता असतात : दोन्हींवर छापा, दोन्हींवर काटा, पहिल्यावर छापा व दुसऱ्यावर काटा, आणि याच्या उलट. पण पहिले नाणे कोणते आणि दुसरे कोणते हे सांगण्याची सोयच निसर्गात नसेल, तर शेवटच्या दोन शक्यता एकच ठरतात. मग चारऐवजी तीनच शक्यता उरतात. प्रकाशकण असेच असतात, त्यांना वेगळी ओळख नसते. या रीतीने मोजणी केली तेव्हा लहरींचा आधार न घेता प्लांक यांचे सूत्र थेट हाती आले.

हा छोटासा लेख बोस यांनी ४ जून १९२४ च्या पत्रासोबत अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे बर्लिनला पाठवला. दोघांची ओळख नव्हती. आइन्स्टाइन यांनी त्याचे महत्त्व ओळखले, स्वतः जर्मन भाषांतर केले आणि आपली अनुकूल टीप जोडून तो प्रसिद्ध करवला. छापील लेख जेमतेम चार पानांचा होता. आइन्स्टाइन यांनी हीच रीत वायूच्या अणूंना लावली. त्यातून एक भाकीत पुढे आले : अतिशय थंड केल्यास असे असंख्य अणू एकाच अवस्थेत गोळा होतील.

या यशामुळे बोस यांचा युरोपचा प्रवास सुकर झाला. दोन वर्षांच्या रजेत ते पॅरिसमध्ये क्ष-किरणांचे प्रयोगतंत्र शिकले आणि बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. पुढे ढाक्यात प्राध्यापकपदाचा प्रश्न आला, तेव्हा बोस यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. आइन्स्टाइन यांच्या शिफारशीने ती उणीव भरून निघाली. विभागप्रमुख झाल्यावर त्यांनी क्ष-किरणांनी स्फटिकांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली आणि उपकरणेही तिथेच तयार करण्यावर भर दिला. १९४५ मध्ये ते कोलकात्याला परतले.

त्यानंतर त्यांनी मातृभाषेतून विज्ञान पोहोचवण्याचे काम हाती घेतले. १९४८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बंगीय विज्ञान परिषद स्थापन झाली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू झाले. भारत सरकारने १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले, तर १९५८ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल मात्र त्यांना मिळाले नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

आइन्स्टाइन यांचे ते भाकीत १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे खरे ठरले. तेथे रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, अगदी जवळ नेण्यात आले. तापमानातला फरक एका अंशाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी राहिला, तेव्हा अणू एकाच अवस्थेत गोळा झाले. या कामाला २००१ मध्ये नोबेल मिळाले. द्रव्याच्या त्या अवस्थेला आज ‘बोस–आइन्स्टाइन संघनन’ म्हणतात. ढाक्यातल्या वर्गात एका शिक्षकाला न पटलेल्या पायरीपासून ही वाट सुरू झाली होती.