मनाचा डॉक्टर

तापावर गोळी मिळते. पण जुन्या दुःखावर, भीतीवर कोणते औषध? मुलांनो, या प्रश्नामागे सिग्मंड फ्रॉइड यांनी सारे आयुष्य घालवले.

त्यांचा जन्म १८५६ साली एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लोकरीचे व्यापारी होते. फ्रॉइड व्हिएन्ना शहरात वाढले व १८८१ मध्ये डॉक्टर झाले.

काही रोग्यांचे हातपाय चालत नसत, पण तपासले तर शरीरात दोष सापडत नसे. फ्रॉइड त्यांना कोचावर निजवत, स्वतः त्यांच्या डोक्यामागे बसत. मनात येईल ते बोला, लाज वाटली तरी बोला, असे सांगत. रोगी बोले, डॉक्टर ऐकत. दडपलेली दुःखे हळूहळू वर येत आणि काहींना आराम पडे. फ्रॉइड यांचे सगळेच विचार आज डॉक्टर मानत नाहीत. पण बोलणे आणि ऐकणे हाही इलाज आहे, ही गोष्ट टिकली.

कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस त्यांना पत्रे लिहीत. बोस यांनी १९२२ मध्ये काढलेल्या संस्थेने १९३१ साली फ्रॉइड यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठवली. ती त्यांनी टेबलावर ठेवली. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही.

बदलापूर-अंबरनाथहून कल्याणला जाताना तुम्ही उल्हासनगर पाहिले असेल. १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्यांची ती वस्ती. फ्रॉइडही असेच निर्वासित झाले. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. तेव्हा कर्करोगाने जर्जर झालेले ८२ वर्षांचे फ्रॉइड लंडनला गेले. कोचही तेथे नेला. तेथेही ते थोडे रोगी पाहत. २३ सप्टेंबर १९३९ रोजी ते वारले. मागे राहिलेल्या त्यांच्या चार बहिणी पुढे नाझींच्या छळछावण्यांत मेल्या.